गोधडीचा हिशेब



मागच्या महिन्यात आम्ही घर बदलले. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जन्म गेला, आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. सामान ते काय असणार! चार भांडी, एक लोखंडी कपाट, पुस्तकांच्या तीन पेट्या आणि तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर. टेम्पो दाराशी उभा होता. एवढ्यात माळ्यावरून एक भले मोठे बोचके खाली आले. सोडून पाहिले तर आत गोधड्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या सहा.

आम्ही साहेबी थाटात म्हणालो, "हे ओझं आता कशाला? नव्या घरात ब्लँकेटं घेऊ. द्या टाकून."

आई काही बोलली नाही. पंच्याहत्तर वर्षांची ती बाई उठली, उंबऱ्यात ठेवलेल्या त्या बोचक्यावर जाऊन बसली. टेम्पोवाला भोंगा वाजवतोय, शेजारीपाजारी जमलेत आणि आई बोचक्यावर बसलेली. शेवटी एवढेच म्हणाली, "हे टाकायचं आसंल तर मलाबी हितंच ठिवा."

बोचके टेम्पोत सगळ्यांच्या आधी चढले हे सांगायला नको. पण त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आपण असे का बोललो? गोधडी जुनी म्हणून? जागा नाही म्हणून? नाही. आपल्याला तिची लाज वाटत होती. ही लाज आली कुठून, याचाच आज थोडा हिशेब मांडू. धंद्याने आम्ही कारकून. हिशेब मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही.

पुढच्या रविवारी आईला म्हणालो, "दाखव तर खरं, काय काय आहे यात." तिने एकेक गोधडी पसरली आणि बोटाने दाखवू लागली. हा निळा तुकडा वडिलांच्या कामावरच्या सदऱ्याचा. ही बारीक फुलांची चिंधी मावशीच्या परकराची. हे खाकी म्हणजे आमची शाळेतली अर्धी चड्डी. हा चौकटीचा तुकडा नाक्यावरच्या शिंप्याकडून आणलेल्या कातरणीतला. मग तिने सर्वांत जुन्या गोधडीची उसवलेली कड वर केली. आतल्या थरात पांढरे कापड होते, पिवळट पडलेले.

"ह्ये तुझ्या आज्जीचं लुगडं. छप्पन साली नागपूरला दीक्षेला नेसून गेली व्हती. फाटल्यावर वर कसं लावावं? पांढरं लवकर मळतं. म्हणून आत घातलं."

वाचकहो, 14 ऑक्टोबर 1956 चे ते पांढरे लुगडे आमच्या अंगावर इतकी वर्षे होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. आणि आम्ही म्हणालो होतो, द्या टाकून!

आमचे आजोबा आणि वडील दोघेही मुंबईच्या कापड गिरणीत, रिंग खात्यात. तरुण वाचकांना सांगितले पाहिजे की पूर्वी गिरणीत आपल्या माणसांना बहुधा सूतकताईच्या खात्यांतच काम मिळे. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे प्रवेश नाही. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत विणकराला तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या सुताला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला आम्ही तोंड कसे लावायचे, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे! 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकाम खाते आपल्या माणसांना खुले करा अशी मागणी केली. सूत आपण काढायचे, पण कापड विणायचे नाही. दोऱ्यातसुद्धा जात होती.

पुढे 18 जानेवारी 1982 रोजी मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा तीन वर्षांचे. वडील गिरणीत परत गेले नाहीत. कधी हमाली, कधी रात्रीची वॉचमनकी. त्या काळात आईने या गोधड्या शिवल्या. दुपारी भांडी घासून झाली की चाळीच्या गॅलरीत चार बाया बसत. कुणी गोधडी शिवते आहे, कुणी तांदूळ निवडते आहे. टाका पडतो आहे, बोलणे चालले आहे. आमचे लहानपण त्या टाक्यांच्या आवाजात गेले असे आम्ही आता कौतुकाने म्हणतो. परवा आईपुढेही म्हणालो, "किती निवांत होतं गं ते सगळं!"

आईने चष्म्यावरून पाहिले. "निवांत? मला काय हौस व्हती का रं? थंडी व्हती."

हे वाक्य आम्ही डायरीत लिहून ठेवले आहे. कारण आजकाल शहरात 'स्लो लिव्हिंग' म्हणजे सावकाश जगण्याची मोठी चर्चा आहे. मोबाईल बाजूला ठेवा, हाताने काहीतरी करा, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांना टाके घाला, मन शांत होते असे सांगतात. ते खोटे नाही. पण आपल्या आयांनी टाके घातले ते मन शांत करायला नव्हे. लेकरे कुडकुडत होती म्हणून. त्यांच्या टाक्याला निवांतपणाचे कौतुक चिकटवण्याआधी त्यांची थंडी आठवली पाहिजे.

आता लाजेकडे वळू. अकरावीला आम्ही वसतिगृहात गेलो. आईने ट्रंकेत गोधडी घातली. खोलीतल्या इतर मुलांकडे रग, ब्लँकेट. आम्ही ती गोधडी गादीखाली दडवली आणि डिसेंबरभर चादरीवर काढला. ठिगळ म्हणजे गरिबी आणि गरिबी म्हणजे जात, हे गणित सतराव्या वर्षी कुणी न शिकवता डोक्यात बसले होते.

पण खरे तर ते शिकवलेलेच होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्या माणसांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. म्हणजे फाटके, टाकलेले कापड कुणाच्या अंगावर असावे, हे कायद्याने ठरवले होते. अंगावरचे कापड हीच जातीची पाटी. 1927 च्या डिसेंबरात महाडला ती मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना मुद्दाम कपड्यांविषयी सांगितले. लुगडे इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा. जातीची खूण दाखवणारे दागिने टाका. कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ असला पाहिजे. वाचकहो, नीट पाहा. बाबासाहेबांनी ठिगळाला नावे ठेवली नाहीत. घाणीला आणि सक्तीला ठेवली. आम्ही वसतिगृहात बाबासाहेबांची पुस्तके वाचत होतो आणि आईची गोधडी लपवत होतो. वाचले होते, पण समजले नव्हते.

आणखी एक गोष्ट. मृताचे वस्त्र एकीकडे दंड म्हणून अंगावर घालायला लावले जात होते, तर याच भूमीत तथागतांच्या संघाने तेच कापड स्वेच्छेने उचलले. उकिरड्यावर आणि स्मशानात टाकलेल्या चिंध्यांचे चीवर, त्याला पांसुकूल म्हणतात. भिक्खू ते कापड गोळा करीत, धूत, कापीत, शिवीत आणि रंगवीत. मग शाक्यांचा राजपुत्र असो, न्हावी उपाली असो की झाडू मारणारा सुनीत असो, सगळ्यांच्या अंगावर तेच चीवर. ज्या चिंधीने माणूस खाली ढकलला जात होता तीच चिंधी सर्वांना एका पायरीवर आणणारी झाली. चिंधी तीच. फरक सक्तीचा आणि स्वखुशीचा.

चीवराचा नमुना कसा ठरला हेही विनयपिटकात आले आहे. तथागत राजगृहाहून दक्षिणगिरीकडे निघाले असताना त्यांना मगधातील भातशेते दिसली. बांधांनी आखलेली, लहानमोठी, एकमेकांना जोडलेली. त्यांनी आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल काय? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर शिवून दाखवले. तथागतांना ते पसंत पडले. तुकड्यांचे कापड म्हणून चोराला त्याची हाव सुटत नाही, हाही त्यातला गुण सांगितला आहे. आजही भन्तेजींच्या चीवराकडे नीट पाहा. ते एकसंध कापड नसते. त्यावर बांध दिसतात.

याच आनंदाची कोसंबीच्या उदयन राजाशी झालेली भेट आम्हाला फार आवडते. राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे करणार काय, दुकान मांडणार आहे काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे? अंथरुणावरची पांघरुणे करू. ती जुनी झाली की गाद्यांच्या खोळी. त्या जुन्या झाल्या की जमिनीवरची अंथरुणे. मग पायपुसणी. मग धूळ झटकायची फडकी. आणि फडकीही विरली की? ती कुटून चिखलात कालवून त्याने जमीन सारवू. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हा पाठ ऐकल्यावर आई म्हणाली, "यात नवं काय? माझ्या आईनं ह्येच केलं." खरेच आहे. लुगडे विरले की त्याचे धडपे, धडप्याचे दुपटे, दुपट्याची गोधडी, गोधडीचे फडके. राजाला उत्तर देणारा आनंद आणि चाळीच्या गॅलरीतली आमची आई एकाच शाळेतली.

आता बाजाराचा हिशेब. परवा एका प्रदर्शनात हातशिलाईची गोधडी पाहिली. किमतीची चिठ्ठी 4,000 रुपये. शिवणारी ताई तिथेच बसली होती. बाजूला घेऊन विचारले, तुम्हाला किती मिळाले? म्हणाली, सहाशे. आम्ही तिथेच चिठ्ठीच्या पाठीमागे आकडेमोड केली. रोज 2 तास, 45 दिवस, म्हणजे 90 तास. तासाला फक्त 50 रुपये धरले तरी मजुरीच 4,500. दोरा आणि अस्तराचे 400. म्हणजे 4,900 रुपयांच्या खाली ती गोधडी विकणे हाच तोटा. त्या ताईंना तासाला सात रुपयेही पडले नव्हते. सावकाशीचे कौतुक गिऱ्हाइकाला, नफा मधल्याला आणि सावकाश काम करणारीच्या हाती सहाशे.

यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे खेडे आहे. तीन बाजूंनी नदी, वस्ती सारी काळ्या लोकांची, त्यांचे पूर्वज तिथल्या कापसाच्या मळ्यावर गुलाम. अनेकांचे आडनावसुद्धा जुन्या मळेवाल्याचेच, पेटवे. तिथल्या बाया शेतावरच्या विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, थंडीसाठीच. 1960 च्या दशकात ही माणसे मतदार यादीत नाव घालायला निघाली. तेव्हा 1962 मध्ये नदीवरची तर बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला 2006 साल उजाडले. नाव नोंदवणाऱ्या कित्येकांची कामे आणि घरे गेली. आपल्याकडच्या गावकीच्या बहिष्काराची आठवण होते ना? 1966 मध्ये त्या भागातल्या बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. गोधड्या एकत्र शिवायच्या, एकत्र विकायच्या, पैसा आपल्या हातात. पुढे 2002 मध्ये गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. आपल्या शेजारच्या कर्नाटकातही, उत्तर कन्नड जिल्ह्यात, आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक आहेत. त्यांच्या बाया जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. जिथे जिथे माणसाला टाकलेले मिळाले, तिथे तिथे बायांनी ते जोडून उभे केले.

म्हणून आमची सूचना अशी. वर्षावासात आपण विहारात जमतोच. ग्रंथवाचन होते, खीरदान होते. त्याच बैठकीत आठवड्यातून एक दुपार सर्वांनी मिळून एक गोधडी शिवायला घ्यावी. वर्षावास संपला की भिक्खुसंघात कठिन चीवर शिवण्याची परंपरा आहे. तीही सर्वांनी मिळून, एकाच दिवसात. आपल्याला एक दिवस पुरणार नाही. तीन महिने घेऊ. पहिली गोधडी वस्तीतल्या नव्या बाळंतिणीला द्यावी. पुढे विकायची झाली तर बचत गटाच्या वहीत तास लिहावेत आणि तासाप्रमाणे मजुरी वाटावी. वही कशी आखायची ते दाखवायला आम्ही येऊ. तेवढे तरी बी.कॉम. कामी येईल.

करायचे कसे, ते आईच्या तोंडून ऐकून लिहितो. कापड सुतीच घ्यावे. नायलॉन, टेरिकॉट मिसळू नये. सुई सरकत नाही आणि धुतल्यावर गोळा होतो. सगळे तुकडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. बटणे, हूक, जाड शिवणी काढून टाकाव्यात. खाली एक जुनी पण धड साडी अस्तराला पसरावी. चारही कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या असे वजन ठेवून ती ताणून घ्यावी. तिच्यावर जुन्या कापडाचे तीन-चार थर सुरकुती न पाडता घालावेत. फार विरलेले कापड मध्ये, मजबूत वर. सर्वांत वर रंगीत तुकडे मांडून कडा आत दुमडाव्यात. मग सगळ्यावरून लांब लांब कच्चे टाके घालावेत म्हणजे थर हलत नाहीत. आता पक्का धावदोरा. सुरुवात कडेपासून करायची आणि गोल फिरत फिरत मध्याकडे यायचे. मधून सुरू केले तर कापड कडेला फुगते. ओळीत दोन बोटांचे अंतर. बोटात अंगुस्तान घालावे. आणि एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त शिवू नये. डोळे आणि कंबर दोन्ही आपलीच आहेत.

बंधूंनो, हे सदर पुढे सरकवून 'बायकांचे आहे' म्हणू नका. भिक्खू आपले चीवर आपण शिवत. विनयात सुईची, सुईच्या नळीची, अंगुस्तानाची परवानगी दिलेली आहे, आणि ती पुरुषांना दिलेली आहे. आम्हीही हल्ली संध्याकाळी कचेरीतून आल्यावर अर्धा तास आईजवळ बसतो. आमच्या पहिल्या चार ओळी तिने न बोलता उसवल्या. पाचवी ठेवली. आयुष्यात इतक्या फायली निकालात काढल्या, पण एवढा आनंद झाला नव्हता. आणि खरे सांगतो, त्या अर्ध्या तासात टी.व्ही. आठवत नाही, साहेब आठवत नाही. आईला जे थंडीने करायला लावले, ते आम्ही आज आमच्या मर्जीने करतो आहोत. हा फरक बाबासाहेबांच्या चळवळीने मिळवून दिला. एरवी आमच्याही हातात सुई सक्तीचीच असती.

उसवलेली ती जुनी गोधडी सध्या आमच्याकडे दुरुस्तीला आहे. आजीच्या पांढऱ्या कापडावर आईने नवा तुकडा लावायला घेतला आहे. तिला आता सुईचे नेढे दिसत नाही. परवा आमची नववीतली मुलगी अभ्यास करीत होती. आईने हाक मारली, "चिमे, एवढा दोरा ओवून दे गं."

मुलगी मोबाईलमध्ये डोके घालून म्हणाली, "थांब ना आजी, दोन मिनिटं."

आम्ही तिला जवळ बसवून एक गोष्ट सांगितली. चिनी भाषेत जपलेल्या एकोत्तर आगमात ती येते. अनुरुद्ध स्थविरांची दृष्टी गेली होती. ते आपले चीवर शिवत बसले, पण सुईत दोरा जाईना. ते म्हणाले, ज्याला पुण्य जोडायचे असेल त्याने माझ्या सुईत दोरा ओवून द्यावा. कुणीतरी जवळ आले आणि म्हणाले, आण, मी ओवतो. अनुरुद्धांनी आवाज ओळखला. ते तथागत होते.

मुलीने मोबाईल पालथा ठेवला. दोरा ओठात धरून ओला केला, टोकाला पीळ दिला आणि पहिल्याच खेपेत ओवला. ज्या दोऱ्याला तिच्या पणजोबांचे ओठ चालत नव्हते, तो तिने ओठात धरला होता. तिला यातले काही ठाऊक नव्हते. तिने सुई आजीच्या हातात दिली आणि विचारले, "मी पण एक ओळ घालू?"

आई सरकली आणि तिला जागा केली.

जयभीम.